स्टेम सेल शिरेतून सोडतात, मग त्या हाडात कशा पोहोचतात?

भावाच्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटला स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, छातीतल्या नळीतून सलाईनसारख्या सोडणार, हाडाला सुईसुद्धा लावणार नाहीत, मग त्यांना वाट कोण दाखवणार, असं तुम्ही विचारलंय. मी ट्रान्सप्लांट वॉर्डात नर्स आहे. हा प्रश्न आमच्याकडे बहुतेक नातेवाईक विचारतात.

वाट दाखवतं ते रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर. पेशींचा एकच थर असतो तो. त्यांना एंडोथेलियल पेशी म्हणतात. अस्थिमज्जेतल्या (हाडाच्या आतल्या मगजातल्या, जिथे रक्त तयार होतं) बारीक वाहिन्यांच्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिनं असतात. रक्ताबरोबर धावत आलेली स्टेम सेल त्यांना अडखळते, मंदावते, अस्तरावरून गडगडत जाते. मज्जेतून सुटणारा सीएक्ससीएल-१२ हा रासायनिक संकेत तिला थांबवतो आणि मग अस्तर ओलांडून ती आत उतरते. सगळ्याच पेशी पोहोचतात असं नाही. बऱ्याच फुप्फुसात, यकृतात, प्लीहेत अडकतात. तरी पुरेशा पोहोचतात.

आत गेल्यावरही त्यांचं पोषण हेच अस्तर करतं. २००९ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगात रेडिएशननंतर अस्तराची डागडुजी होऊ दिली नाही, तर रक्त पुन्हा नीट तयारच झालं नाही.

काळजीची गोष्ट अशी, की ट्रान्सप्लांटआधीची जबर केमो याच अस्तराला इजा करते. यकृतातल्या बारीक वाहिन्यांचं अस्तर सुजून सुटलं की रक्ताची वाट तुंबते. याला व्हीओडी म्हणतात. सगळ्यांना होत नाही, पण झालं तर गंभीर असतं. डिफायब्रोटाइड हे औषध त्यावर वापरतात, आणि ते लवकर सुरू झालेलं बरं.

यात अंगात, पोटात पाणी साठतं आणि वजन वाढतं. म्हणूनच आम्ही रोज सकाळी वजन घेतो, बेंबीवरून टेपने पोट मोजतो. टेप रोज त्याच जागी पडावी म्हणून पोटावर पेनाने दोन्हीकडे खुणा करून ठेवतो. काउंट, म्हणजे रक्तपेशींची संख्या, वर यायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. तोवर भाऊ वैतागला, "कालच तर घेतलंत" म्हणाला, तरी वजन चुकवू देऊ नका. पायजम्याची नाडी अचानक घट्ट वाटली, उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, डोळे पिवळे दिसले, तर डॉक्टरांच्या राउंडची वाट न बघता लगेच सिस्टरला सांगा. रात्रीचे दोन वाजले असले तरी.