उत्तर: हॅलोजन भडकले, कीबोर्ड गेला, माइकचा चटका बसला

तुमची पोस्ट दोनदा वाचली. पाच जणांचा बँड, गोव्यात बार्देशात लॉनवर लग्नाची पार्टी, सगळं जनरेटरवर. दुसऱ्या सेटमध्ये स्टेजमागचे हॅलोजन एकदम भडकले, त्याच वेळी गेटवरच्या माळा मंदावल्या आणि कीबोर्डच्या अडॅप्टरमधून जळका वास आला. गिटार घेऊन गाणाऱ्याच्या ओठांना तर पहिल्या गाण्यापासूनच माइकचा चटका बसत होता. शेवटी दहाला आवाज बंद करावा लागला, म्हणून यजमानांनी पाव रक्कम कापली. आणि एवढं सगळं सांगून तुमचा प्रश्न एकच: मोठा स्टॅबिलायझर घ्यावा की यूपीएस?

दोन्ही नको. आधी एक मल्टिमीटर घ्या. एकीकडचे दिवे भडकतात आणि त्याच क्षणी दुसरीकडचे मंदावतात, तेव्हा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, सुटलेला असतो. आमचा एक कीबोर्ड, मिक्सरचा पॉवर सप्लाय आणि गिटारचा ॲम्प एकाच संध्याकाळी याच कारणाने गेले. जोडणी न मोजता प्लग लावला होता, चूक एवढीच. म्हणून हे उत्तर लांबणार आहे. माइक कुठला, मॉनिटर कुठे ठेवायचा, सेट कसा बसवायचा हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

(आधीच सांगतो, मी परवानाधारक वायरमन नाही. खाली लिहिलंय ते सॉकेटवर मोजण्यापुरतं. जनरेटरचं टर्मिनल किंवा मंडपवाल्याचा बोर्ड स्वतः उघडू नका, ते त्यांच्या वायरमनकडून करून घ्या.)

थ्री फेजमध्ये प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० ते २४० व्होल्ट मिळतात, पण दोन फेजांच्या मध्ये सुमारे ४१५ असतात. न्यूट्रल जागेवर आहे तोवर प्रत्येक फेजचा लोड आपापला संसार सांभाळतो. न्यूट्रल निघाला की एका फेजवरचे हॅलोजन आणि दुसऱ्या फेजवरचा बँड एकामागोमाग एक जोडल्यासारखे होऊन त्या ४१५ व्होल्टवर बसतात, आणि ज्याचा लोड हलका त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येतं. तिसरा फेज बाजूला ठेवून साधा हिशोब करा. एकीकडे ४ किलोवॅटचे दिवे आणि दुसरीकडे १ किलोवॅटचा बँड असेल, तर दिव्यांना ८३ व्होल्ट आणि बँडला ३३२. स्टेजवर आपला लोड बहुतेक वेळा सगळ्यात हलका असतो, म्हणून मार आपल्याला बसतो. तुमचे हॅलोजन भडकले, म्हणजे ते बहुधा बँडच्याच फेजवर होते. कीबोर्डच्या अडॅप्टरवर '१००–२४० व्होल्ट' छापलेलं असतं आणि आतला मोठा कपॅसिटर साधारण ४०० व्होल्टचा असतो. ३३२ व्होल्ट एसीचं शिखर ४७० च्या आसपास जातं. तो फुटणारच.

एलईडीचे दिवे बहुतेक वेळा भडकत नाहीत, थेट विझतात. तेव्हा पुढच्या वेळी दिवे ठीक दिसतात म्हणून निर्धास्त राहू नका.

न्यूट्रल सुटतो कुठे? जनरेटरच्या टर्मिनलवर, कारण इंजिनाच्या थरथरीने नट सैल होतो. चेंजओव्हरवर (लाइनवरून जनरेटरवर नेणारा स्विच), कारण तिथे पिळून टेप गुंडाळलेला जोड असतो. आणि आपल्याकडे किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवा थर चढतो, वरून वायर धरलेली दिसते पण संपर्क गेलेला असतो. मंडपवाल्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "कालच दुसरीकडे चालवला, काही झालं नाही." त्या उत्तरावर विसंबू नका. जनरेटर बंद असताना त्याच्या वायरमनला चारही वायरी ओढून नट आवळायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे. हे सांगताना संकोच वाटतो, माणूस वयाने मोठा असतो, "आम्हांला शिकवता?" म्हणतो. तरी सांगा. नमस्कार करून, चहा देऊन सांगा, पण काम झाल्याशिवाय प्लग लावू नका.

आता मोजणी. मीटर ७५० व्होल्ट एसीवर ठेवा आणि प्रोब अँपिअरच्या भोकात नाहीत हे पाहून घ्या. सॉकेट समोरून पाहताना अर्थचं (अर्थिंगचं) मोठं भोक वर असेल तर उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल. फेज–न्यूट्रल २२० ते २४० हवं. फेज–अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल–अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज–न्यूट्रल बरोबर, पण फेज–अर्थ आणि न्यूट्रल–अर्थ भलतंच काही, म्हणजे शंभर-सव्वाशे वगैरे दाखवत असेल, तर अर्थ नुसता नावाला आहे.

हे तीन आकडे रिकाम्या लोडवर घेऊन समाधान मानणं हीसुद्धा चूकच. सैल न्यूट्रल लोड नसताना अगदी साळसूद दिसतो. म्हणून मीटर तुमच्या सॉकेटमध्येच ठेवा आणि वायरमनला दुसऱ्या फेजवरचं काहीतरी मोठं चालू करायला सांगा, सगळे हॅलोजन किंवा केटररचा पाण्याचा बॉयलर. तुमचा आकडा दोन-तीन व्होल्ट हलला तर ठीक. तो आठ-दहाने वर चढला, तर न्यूट्रल कच्चा आहे. लोड दुसऱ्यावर पडला आणि व्होल्टेज तुमच्याकडे वाढलं, याला दुसरं कारण क्वचितच असतं. ही एक चाचणी तुम्ही त्या दिवशी सहा वाजता केली असती तर कीबोर्ड आज शाबूत असता.

माइकच्या चटक्याचं मूळ वेगळं आहे, पण तेही त्याच सॉकेटमध्ये सापडतं. गिटारच्या तारा केबलमधून ॲम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात, माइकची जाळी मिक्सरच्या पत्र्याला. दोन्हींचा अर्थ एक आणि शाबूत असेल तर हात तारांवर आणि ओठ जाळीवर असताना मध्ये काहीच व्होल्टेज नसतं. अर्थ तुटलेला असेल तर पॉवर सप्लायमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरांमुळे तो पत्रा साधारण ११५ व्होल्टवर तरंगतो. त्याचा करंट अगदी कमी, म्हणून नुसती मुंगी चावल्यासारखं वाटतं. पण त्याच ॲम्पमध्ये आत खरा फेज पत्र्याला लागला तर मुंगी नाही, माणूस जातो. फोमची टोपी घालून गाणं हा उपाय नाही. साउंड चेकच्या आधी मीटरचा एक प्रोब गिटारच्या तारेला आणि दुसरा माइकच्या जाळीला लावा. दोन व्होल्टच्या वर काही दिसलं तर गायकाला माइकला हात लावू देऊ नका.

आणि कृपा करून हम (स्पीकरमधली घूं-घूं) जावा म्हणून प्लगची अर्थची पिन कापू नका. असे प्लग गोव्यातल्या निम्म्या बँडच्या पेटीत सापडतील (हे माझं वैयक्तिक मत). हम लूपमुळे येतो, म्हणजे अर्थ दोन वाटांनी जोडला गेल्यामुळे. त्यासाठी डीआय बॉक्सवर (वाद्याचा सिग्नल मिक्सरकडे नेणारी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते सिग्नलचा अर्थ तोडतं, जिवाचा नाही. त्याहून सोपं म्हणजे स्टेजवरचं सगळं एकाच ठिकाणाहून घ्या. कीबोर्ड डावीकडच्या बोर्डवर आणि ॲम्प उजवीकडच्या, असं केलं की हम आलाच.

त्यासाठी बँडची स्वतःची पेटी करून घ्या, वायरमनकडून. १६ अँपिअरचा डबल पोल एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच), २५ अँपिअर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की पडणारा), त्यानंतर व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की वीज तोडणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले (वरची मर्यादा २६०, खालची १८०, परत चालू व्हायला किमान ३० सेकंद), मग सहा सॉकेट. येणारी केबल तीन कोअर, २.५ चौरस मिमी, २५ मीटर. ती पूर्ण उलगडून टाका, गुंडाळीतच ठेवली तर तापते. तुमच्या स्टॅबिलायझरच्या प्रश्नाचं उत्तर हा रिले आहे. स्वस्तातला स्टॅबिलायझर ३३० व्होल्टला स्वतःच जातो, यूपीएसचंही तेच, आणि दोघेही तुटलेला अर्थ जोडून देत नाहीत.

आरसीसीबीबद्दल एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. त्यावरचं टेस्ट बटण दाबून तो पडला म्हणजे अर्थ चांगला आहे असं नाही, बटण फेज-न्यूट्रलवरच चालतं. जनरेटरचा न्यूट्रल जनरेटरपाशी अर्थला जोडलेला नसेल, तर गळती झाली तरी करंटला परतीचा रस्ताच नसतो आणि आरसीसीबी ढिम्म राहतो. त्यामुळे वायरमनला दुसरा प्रश्न हा विचारा: न्यूट्रल आणि बॉडी अर्थला एकत्र बांधलंय का? अर्थचा रॉड कुठे ठोकलाय तेही पाहा. जांभ्या दगडात तो वीतभर जातो न जातो, आणि एप्रिल-मेमध्ये जमीन इतकी सुकलेली असते की तो रॉड असून नसल्यासारखा. दोन बादल्या पाणी ओता. असा अर्थ ५० ओहमचा निघाला तर गळतीत साडेचार अँपिअर वाहतील, १६ चा एमसीबी त्यावर कधीच पडणार नाही. जीव वाचवणारा तिथे आरसीसीबीच.

वीज गेली आणि चेंजओव्हर फिरणार असं कळलं की आधी ॲम्प आणि पॉवर्ड स्पीकर बंद. ड्रमरच्या हाताशी पेटीचा एमसीबी ठेवा, तो जवळ बसलेला असतो.

आता दहा वाजण्याबद्दल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर नाही. बारापर्यंतची सवलत सण-सांस्कृतिक प्रसंगांसाठी, वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस, तीही सरकारने जाहीर केलेल्या, तुमच्या लग्नासाठी नव्हे. बंद बँक्वेट हॉलची गोष्ट वेगळी, तिथेही आवाज बाहेर गेला की तक्रार येतेच. यजमानाला हे बोलणीच्या दिवशीच लेखी कळवा: "कार्यक्रम ९.५५ ला संपेल, मंडळी उशिरा आली तरी मानधन तेच." व्हॉट्सॲपवरचा एक मेसेजही पुरे. तुमचे पैसे कापले गेले ते हा मेसेज नव्हता म्हणून.

सेट मागून पुढे लावा. मसाला (नाचाच्या गाण्यांची सलग मेडली) ९.२५ ला सुरू झालाच पाहिजे, म्हणजे केक, टोस्ट आणि ग्रँड मार्च (जोड्यांची रांगेतली फेरी) साडेआठपर्यंत उरकायला सूत्रधाराला दुपारीच सांगून ठेवा. भाषण लांबलं तर मधल्या सेटमधली संथ गाणी गाळा, मसाल्याला हात लावू नका. त्या अर्ध्या तासासाठीच तर आपण दुपारी चारपासून केबली ओढतो. जेवणाची ताटं खुर्चीवर ठेवून काकवा उठतात, सासरची आणि माहेरची मंडळी पहिल्यांदाच एका रांगेत येतात, बास आणि किकला (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) लॉनवरचे पाय एकदम पडायला लागतात. ड्रमर वेग वाढवत नाही, तरी गाणं पुढे सरकल्यासारखं वाटतं. हे स्टुडिओत मिळत नाही.

परवानगीचा कागद यजमानाने आणायचा, त्याची झेरॉक्स तुमच्याकडे हवी. अर्ज तुम्हांलाच करावा लागला तर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. एका कार्यालयात (नाव घेत नाही) अर्ज ठेवून घेतला, शिक्का दिला नाही, "होऊन जाईल" म्हणाले. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तोच अर्ज "आलाच नाही". दुसऱ्या टेबलावर पाठवलं, तिथून आधी तिसरा कागद आणा म्हणाले. लोक लग्नाची तारीख ठरवून, पत्रिका वाटून बसलेले असतात, आणि एक शिक्का मारायला ज्याला अर्धा मिनिट लागतो तो माणूस मान वर करत नाही. याचा राग अजून जात नाही. असो.

अवांतर: शॅकवर किंवा नदीकाठी वाजवल्यावर त्याच रात्री जॅक आणि तारा कोरड्या कापडाने पुसा, पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. फरशीवर ड्रमखाली सहा बाय सहा फुटांची जाड सतरंजी हवीच, नाहीतर किक पुढे चालत जातो. केबलवर कापडी टेप लावा, तपकिरी पॅकिंग टेपचा चिकटा वर्षभर निघत नाही.

तुमच्या कीबोर्डबद्दल: तो गेलाच असं अजून धरू नका. बहुतेक वेळा अडॅप्टर मरतो आणि आतलं बोर्ड वाचतं. नवा अडॅप्टर घेताना व्होल्ट अगदी तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. मागच्या लेबलवर मधल्या पिनची खूण पाहा, अधिक की उणे, कारण उलटा लावला तर वाचलेलं बोर्डही जाईल. दुकानात मीटर लावूनच पैसे द्या. लेबलचा फोटो इथे टाकलात तर कुठला चालेल ते सांगता येईल.