चारचौघांत पिशवी गळली तर?

आतड्याचा भाग काढून मळासाठी पोटावर पिशवी लावलेली माणसं माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा टाक्यांबद्दल, बिलांबद्दल फार बोलत नाहीत. फिरून फिरून एकच येतं, "चारचौघांत पोटावरची पिशवी गळली तर?" या भीतीपायी माणसं काय करून बसतात, ते कळावं म्हणून कोरेगाव तालुक्यातल्या एका काकांची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

काका एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. आतड्याला पीळ पडला, रक्तपुरवठा तुटला. खराब भाग काढून लहान आतड्याचं तोंड पोटावर आणलं होतं आणि त्यावर पिशवी लावली होती. नंतर वरचेवर सलाइन लावायची वेळ यायला लागली, म्हणून साताऱ्याच्या सर्जननी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

सलाइनचं कारण काकूंनी सांगितलं. "कुठं जायचं म्हटलं की हे आदल्या रात्रीपासनं पाणी बंद करतात. पुतणीच्या हळदीत चक्कर येऊन पडले."

"प्यायलं की पिशवी भरती ओ मॅडम. एकदा गळली, शर्ट भिजला. अब्रू काय राहिली मग?"

मी विचारलं, "महाबळेश्वरच्या गाडीवर होता ना? घाटात कुणाला उलटी झाली तर काय करायचा?"

"खिडकीशी बसवायचं, पाणी द्यायचं. एकदा एका मास्तरांच्या सगळ्या कपड्यांवर झालं. लोक नाकं मुरडायला लागले, तर मीच गप केलं सगळ्यांना. म्हटलं, मुद्दाम केलंय का त्यांनी?"

"मग मास्तरांची अब्रू गेली?"

"अब्रूचा काय संबंध? पोटाचं कारण ते..."

काका थांबले. पुढचं वाक्य माझ्या ओठावर होतं, पण मी बोलले नाही. शेवटी काकूच म्हणाल्या, "मग तुमचंबी पोटाचंच कारण हाय की." काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ रडले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, असं काकू म्हणाल्या.

ते वाक्य मी बोलले असते तर तो उपदेश झाला असता. इतक्या वर्षांत एवढं नक्की शिकले, की नेमका प्रश्न विचारून गप्प बसावं.

माझा कल मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचाराकडे आहे. "पिशवी गळू नये" ही इच्छा झाली, ती रास्तच आहे. "गळताच कामा नये, गळली तर मी संपलो" हा स्वतःला दिलेला हुकूम. इच्छा असलेला माणूस पिशवी का गळते ते शोधतो. हुकमाखाली दबलेला माणूस पाणी तोडतो.

काकांनीही मग शोधलं. पोटावरचं तोंड पहिल्या सहा-आठ आठवड्यांत आक्रसतं, आणि काका पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या चकतीचं भोक अजून जुन्याच मापाने कापत होते. उघड्या राहिलेल्या कातडीला पाचकरस लागून ती सोलपटली होती, त्यामुळे चकती चिकटतच नव्हती. नर्सने नवं माप दिलं, तोंडापेक्षा जेमतेम २-३ मिलिमीटर मोठं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, म्हणजे वजनाने चकती उखडत नाही.

पाण्याचंही समजून घ्या. लहान आतड्यावर पिशवी असली की पाण्याबरोबर मीठही निघून जातं. तहान मारली तर किडनीवर ताण येतो. नुसतं साधं पाणी ढोसलं तर पिशवी आणखी पातळ वाहते. म्हणून ओआरएस, पाकिटावरच्या मापानेच कालवलेलं, घोटघोट. रोज किती, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

घरच्यांनी वास आल्यासारखं तोंड करू नये आणि "काही होत नाही" असंही म्हणू नये. होतं, आणि त्याची तयारी करता येते. काका आता जादा पिशवी, कापलेली चकती, एक शर्ट आणि ओआरएस घेऊन निघतात. परवा नातवाच्या जावळाला वाईला एसटीनेच जाऊन आले.

मात्र पोटावरच्या तोंडाचा लाल रंग काळपट पडला, पोटात कळा येऊन पिशवीत काहीच येईना, उलट्या लागल्या किंवा लघवी अगदी कमी व गडद झाली, तर माझ्याकडे येऊ नका. थेट दवाखाना गाठा, रात्र असली तरी.