पोलो जीटी की दिल्लीची ऑक्टाव्हिया? आधी गिअरबॉक्सचं बोलू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बजेट नऊ लाख, राहणार पुण्यात, रोजच्या वापराला घरी स्विफ्ट आहेच, आता चालवायची हौस भागवणारी दुसरी गाडी हवी. दोन गाड्या मनात भरल्यात. एक मुंबईची २०१६ ची पोलो जीटी टीएसआय, साठ हजार चाललेली, 'स्टेज वन' रीमॅप केलेली (म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली), मालक सव्वासहा लाख म्हणतोय. दुसरी दिल्लीच्या डीलरकडची २०१४ ची ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय, साडेसहा लाख. कोणती घेऊ, काय तपासू, आणि दोन-तीन वर्षांनी विकताना हात पोळतील का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, म्हणजे बाकीचं आपोआप मार्गी लागेल.

अशा गाड्यांना आपल्याकडे गिऱ्हाईक मोजकं, पण जे असतं ते तयारीचं. स्विफ्ट विकायला काढली तर सोसायटीतलाच कोणीतरी सीट कव्हर बघून घेऊन जाईल. जीटी टीएसआय बघायला येणारा लॅपटॉप आणि केबल घेऊन येतो. तो एक्झॉस्टचे, अलॉयचे, रीमॅपचे पैसे देत नाही, उलट त्या नावाखाली कापतो. तुम्हीही तेच करा. "दीड लाखाची कामं केलीत साहेब" असं मालक म्हणाला तर हसून ऐका. ती त्याची हौस होती, ती झाली. मात्र मूळ एअरबॉक्स, मूळ सस्पेन्शन, मूळ चाकं पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलीत आणि गाडीबरोबर देतोय, असं म्हणाला तर तो मालक शहाणा आहे. त्याच्याशी बोलणं पुढे न्यायला हरकत नाही.

भाव कोणाचा टिकतो, याची दोन टोकं सांगतो. फोक्सवॅगनने २०१६ च्या शेवटी पोलो जीटीआय आणली. १९२ पीएस ताकद, तीन दारं, परदेशातून तयार होऊन आलेली, एक्स-शोरूम २५.९९ लाख. पुढच्याच वर्षी कंपनीने भाव १९.९९ लाखांवर आणला. ज्यांनी आधी घेतली होती त्यांचे सहा लाख एका घोषणेत गेले. त्याच २०१७ साली स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस २३० काढली, २४.६२ लाखांना, आणि ती हातोहात संपली. २०२० साली आलेल्या आरएस २४५ तर देशभरात फक्त २०० होत्या. त्या गाड्यांचे मालक आजही भाव सांगताना बिचकत नाहीत. दोन्ही गाड्या वेगवानच. पण ऑक्टाव्हियात आईवडील मागे बसू शकतात, डिकीत चार बॅगा मावतात, आणि तीन दारांच्या छोट्या गाडीला एवढे पैसे देणारा माणूस इथे फारसा नाही. पाच दारं, हात न लावलेली गाडी आणि सर्व्हिसची पूर्ण फाइल, या तीन गोष्टी असल्या की विकताना फार मार बसत नाही.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही निवडलेल्या दोन्ही गाड्यांत एकच गिअरबॉक्स आहे: सात गिअरची, ड्राय क्लचची डीएसजी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक, कंपनीच्या भाषेत डीक्यू २००. तिची टॉर्कची, म्हणजे इंजिनाच्या ओढीची, मर्यादा २५० न्यूटन-मीटर. पोलोचं १.२ लिटरचं इंजिन १०५ पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर देतं, म्हणजे हात न लावलेल्या पोलोत गिअरबॉक्स निवांत असतो. ऑक्टाव्हियाचं १.८ लिटरचं इंजिन देतं १८० पीएस आणि बरोब्बर २५० न्यूटन-मीटर. हा आकडा योगायोगाने आलेला नाही. मघाशी सांगितलेल्या पोलो जीटीआयमध्ये १.८ लिटरचंच इंजिन होतं. परदेशात ती मॅन्युअल गिअरबॉक्ससह घेतली तर ३२० न्यूटन-मीटर मिळत, आणि डीएसजीसह घेतली तर २५०. इंजिनात दम होता, पण गिअरबॉक्सला झेपेल तेवढाच सोडला होता. रीमॅपवाला म्हणतो, "इंजिनात भरपूर ताकद आहे, कंपनीने लॉक करून ठेवलीय." खरं आहे. का लॉक केलीय, ते मात्र तो सांगत नाही.

ड्राय क्लच तेलात बुडालेले नसतात. हिंजवडीच्या संध्याकाळच्या गर्दीत गाडी वीतभर पुढे, थांब, वीतभर पुढे अशी चालते तेव्हा ते अर्धवट पकडून घासत राहतात आणि तापतात. शिवाय क्लच आणि गिअर हलवणारा मेकाट्रॉनिक नावाचा भाग आहे, त्यातलं हायड्रॉलिक प्रेशर गेलं की गाडी जागच्या जागी. दोन्ही कामं एकदम निघाली तर लाखाच्या पुढचा आकडा ऐकायची तयारी ठेवा. म्हणजे गिअरबॉक्स वाईटच आहे असं नाही. मोकळ्या रस्त्यावर, नीट चालवलेली डीक्यू २०० वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. पण 'स्टेज वन' मारून रोज अंधेरी ते बीकेसी केलेली गाडी आणि नगरच्या डॉक्टरांनी शनिवार-रविवार चालवलेली गाडी, दोन्हींच्या मीटरवर साठ हजारच दिसतात.

हा फरक पकडायचा कसा? आधी पायाने, मग केबलने.

पायाने म्हणजे असं: गाडी पूर्ण गरम होऊ द्या, निदान अर्धा तास गर्दीतून चालवा. मग अगदी हलक्या पायाने पहिला, दुसरा, तिसरा गिअर पडू द्या. दुसऱ्यावर जाताना गाडी थरथरली तर क्लच संपत आलेत. मग एखादा तळघरातल्या पार्किंगचा उतार शोधा आणि तिथून रिव्हर्समध्ये हळूहळू वर चढवा. खराब क्लच इथे लपत नाही. जोरात पळवून बघण्यात अर्थ नाही; जोरात सगळ्याच गाड्या छान वाटतात, आणि विकणारा तेवढंच दाखवतो.

केबलने म्हणजे व्हीसीडीएस किंवा ओबीडी-इलेव्हनसारखं स्कॅनर. तुमच्याकडे नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला हजार-दोन हजार देऊन बरोबर न्या. चार गोष्टी बघायला सांगा. पहिली, रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात की नाही याची नोंद. ते अपूर्ण दिसले तर तुम्ही येण्याआधी कोणीतरी फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, पुसलेत. दुसरी, जे कोड शिल्लक आहेत त्यांच्यासोबत नोंदवलेले किलोमीटर. मीटर मागे फिरवणारा बरेचदा डॅशबोर्डवरचा आकडाच बदलतो. डॅशवर साठ हजार आणि एखादा जुना कोड ब्याऐंशी हजारांवर पडलेला, असं दिसलं की चहा पिऊन उठायचं. तिसरी, गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमधली क्लचची नोंद: झीज किती, आणि क्लच किती वेळ कुठल्या तापमानाला होते, हे त्यात साठत जातं. या नोंदीपुढे मालकाच्या शपथा फिक्या. चौथी, इंजिनाच्या ईसीयूमधलं, म्हणजे कॉम्प्युटरमधलं, सॉफ्टवेअर किती वेळा फ्लॅश करून बदललंय. "रीमॅप काढून स्टॉक केलीय" म्हणणाऱ्यांची यात पंचाईत होते. रीमॅप ठेवलेला असेल तर फाइल कोणी लिहिली, कोणत्या ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी लिहिली आणि मालक प्रत्यक्षात कोणतं भरत होता, हे विचारा. उत्तरात अडखळला तर तिथेच थांबा.

आणि गाडी थंड असतानाच बघा. मागे एका मित्राबरोबर चिंचवडला स्कोडाची लॉरा १.८ टीएसआय बघायला गेलो होतो, सकाळी लवकरची वेळ ठरवून. मालक गेटवर हजर, गाडी चकाचक, आणि बॉनेटवर हात ठेवला तर चांगलं गरम. "आत्ताच धुवून आणली." आम्ही म्हटलं, छान, आता चालू करू नका, संध्याकाळी येतो. संध्याकाळी चावी फिरवली आणि पहिले दोन-तीन सेकंद असा खळखळाट झाला की पत्र्याच्या डब्यात कोणी सायकलची साखळी हलवतंय. मग एकदम गप्प. त्या पिढीच्या १.८ इंजिनात टायमिंग चेनचा टेन्शनर कमजोर होता. रात्रभरात ऑइल खाली उतरलं की चेन सैल पडते, आणि कधीतरी सुरू करताना एखादा दात सुटतो. मग व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात. सुधारित टेन्शनर बसवलेला असेल तर त्याचं बिल असतं. इथे बिल नव्हतं, गरम बॉनेट होतं. तीच इंजिनं ऑइलही पितात, म्हणून दोन सर्व्हिसच्या मध्ये टॉप-अप किती लागतं हे विचारायचं. तुमच्या २०१४ च्या ऑक्टाव्हियात पुढच्या पिढीचं इंजिन आहे, चेनची कटकट कमी. पण थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाच्या प्लास्टिकच्या घरातून कूलंट पाझरतं. इंजिनाच्या बाजूला वाळलेले गुलाबी ओघळ दिसतात का बघा.

दिल्लीच्या गाडीबद्दल माझं मत तिखट आहे. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर आधी हरित लवादाने निर्बंध घातले, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवले. तेव्हापासून तिथली जुनी गाडी म्हणजे स्वस्त, हे समीकरण झालं. पण तुमची गाडी पेट्रोल आहे आणि २०१४ ची आहे. तिची पंधरा वर्षं अजून भरलेली नाहीत. मग ती स्वस्त का, हे डीलरला विचारा. आणि साडेसहा लाख हा आकडा पुण्यात पोचेपर्यंत तसा राहत नाही: तिकडची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, गाडी आणण्याचा खर्च, इथला रोड टॅक्स, एमएच नंबर, एजंटचे पैसे. डीलर म्हणेल, डीएल नंबरवरच फिरवा, कोण विचारतंय. कायद्याने दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की नवा नंबर घ्यावाच लागतो, आणि पुढे तुम्ही विकायला जाल तेव्हा गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारेल.

मुंबईच्या पोलोला वेगळी तपासणी. ती पावसाळ्यात पाण्यात उभी होती का? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, मातीची रेघ तिथे राहते. पुढच्या सीटखालचं कार्पेट उचला, सीटच्या रुळांवरचा गंज बघा. हीच तपासणी कोल्हापूर-सांगली किंवा चिपळूणच्या गाडीलाही लावा. २०१९ आणि २०२१ च्या पुरातल्या गाड्या धुऊन-पुसून कुठे गेल्या, कोणाला ठाऊक.

टोकन देण्याआधी परिवहनच्या साइटवर नंबर टाका: बँकेचा बोजा उतरलाय का, चलानं किती. एक्स्प्रेसवेवर २०२४ पासून कॅमेरे आहेत, आणि अशा गाड्यांच्या मागे चलानांची शेपटी असतेच. गाडी १ एप्रिल २०१९ आधीची असल्याने नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी, बसवलीय का तेही बघा. पैसे बँकेतून द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं विकणाऱ्याला कायद्याने महागात पडतं. बदल केलेली गाडी विमा कंपनीला न सांगता चालवली आणि अपघात झाला, तर क्लेम अडकतो. उंची, रचना वगैरे आरसीपेक्षा वेगळी करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं.

विकताना तर याहून कडक रहा. २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक; गाडी मधल्या मध्ये तिघांना विकलेली असली तरी अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात. १८० पीएसची गाडी वीस-बावीस वर्षांच्या पोराच्या हातात देऊन "ट्रान्सफर करून घे रे" म्हणू नका. मालकी बदलायचे फॉर्म २९-३० स्वतः भरून, पोच घेऊन, नाव बदललेलं साइटवर दिसेपर्यंत एक किल्ली आणि थोडे पैसे अडवून ठेवा. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. त्याचं पत्र घ्यायला विसरू नका.

आता सल्ला. दोन्ही सोडा. पुण्यातली किंवा आसपासची, रीमॅप न झालेली जीटी टीएसआय शोधा, एक-दोन मालकांची, अधिकृत सर्व्हिसच्या फाइलसह. बनायची चाकणला, त्यामुळे पुण्यात जाणकार मेकॅनिकची वानवा नाही. पोलो २०२२ साली बंद झाली, पण सुटे भाग अजून मिळतात. सहापर्यंत गाडी, निदान दोन लाख बाजूला, गाडीच्या नावाने, हात न लावता. उरलेल्यात नवे टायर.

आणि मॅन्युअल चालणार असेल, घरात दुसरी गाडी असल्याने चालायला हवं, तर अबार्थ पुंटो बघाच. २०१५ ची, आपल्या रांजणगावची, १.४ टी-जेट, १४५ पीएस, २१२ न्यूटन-मीटर, चारही चाकांना डिस्क. सेकंदाचे हिशेब बाजूला ठेवा. ताम्हिणीत ती जे स्टिअरिंगमधून सांगते ते पोलो सांगत नाही. भीती एकच: प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले तेव्हा फियाटने इथला गाशा गुंडाळला, त्यामुळे काही भाग शोधत बसावं लागतं. बंपर किंवा हेडलाइट फुटलेली गाडी स्वस्त म्हणून घेऊ नका. टर्बोजवळच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा आहे का ते गाडी थंड असताना ऐका, सुरुवातीला टिकटिक येते.

मुंबईच्या पोलोवर जीवच जडला असेल तर निदान स्कॅन करून घ्या आणि रिपोर्ट इथे टाका. क्लचच्या नोंदी बघून किती कापायचे ते सांगतो.