वायनरी काढायचीय, पण बाग कोण सांभाळतंय?

‘आम्ही दोघंही पंचेचाळिशीच्या घरात. पुण्यात नोकऱ्या चांगल्या, फ्लॅटचं कर्ज फिटत आलंय. गावी द्राक्षबाग आहे. तिथे स्वतःची छोटी वायनरी काढायची खूप दिवसांची इच्छा आहे. नातेवाईक म्हणतात, भरल्या ताटावरून उठताय. आम्ही चुकतोय का?’

असा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. कधी वायनरीच्या जागी कृषी पर्यटन असतं, कधी गाईंचा गोठा. विचारणारे पैशांचा हिशेब पक्का करून आलेले असतात. टाक्या, क्रशर, चिलर, बाटल्या, मुलांची फी, सगळं मांडलेलं असतं. त्या हिशेबात बहुतेक वेळा एक माणूस नसतो. गावी राहिलेला भाऊ.

दिंडोरी तालुक्यातल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलले आहेत.

थोरले भाऊ सॉफ्टवेअरमध्ये, त्यांच्या पत्नी औषध कंपनीत क्वालिटी विभागात. पहिल्या भेटीत दोघंच आले. थोरले शनन ब्लाँ आणि शिराझ या वाईनच्या द्राक्षजातींबद्दल भरभरून बोलत होते. मी मध्येच विचारलं, सध्या बाग कोण बघतं?

“धाकटा. त्याचा काही प्रश्न नाही, तो आपलाच आहे.”

मी म्हटलं, पुढच्या वेळी चौघं या.

धाकटे आले ते खुर्चीच्या कडेवर बसले. मी काहीही विचारलं की उत्तर एकच, “दादा म्हणेल तसं.” आपल्याकडे याला संमती समजतात. मी समजत नाही. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्या होकारावर काही उभं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ते बोलते झाले एका अगदी साध्या मुद्द्यावर. थोरले सांगत होते, वाईनच्या द्राक्षाचा मणी लहानच हवा, रसाच्या मानाने साल जास्त असली की रंग आणि स्वाद उतरतो, त्यामुळे जीए (मणी फुगवायचं जिबरेलिक ॲसिड) वगैरे बंद. धाकट्यांनी मान वर केली. “दादा, अठरा मिलिमीटरचा मणी काढायला मी वीस वर्षं घातलीत. घड जीएत बुडवायचा कधी, विरळणी किती करायची, यासाठी चार गावची पोरं मला विचारायला येतात. तू एका वाक्यात बंद म्हणालास.”

मग मागचंही निघालं. 2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि नाशिककडे वाईनच्या जातींची लागवड वाढली. यांनीही दोन एकर लावली होती. 2008 च्या मंदीनंतर वाईनची मागणी आटली, भरलेल्या टाक्या तशाच राहिल्या आणि कित्येक शेतकऱ्यांचा माल पडून राहिला. यांचाही राहिला. धाकट्यांनी ती बाग स्वतःच्या हाताने तोडली आणि पुन्हा थॉमसन ही खायच्या द्राक्षाची जात लावली. थोरल्यांना हे फोनवर कळलं होतं. “तू म्हणालास, वाईट झालं. आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवलास.”

खोलीत कोणी काही बोललं नाही. थोरल्यांनी सफाई दिली नाही, हे त्यांचं मोठेपण.

मग थोरल्यांच्या पत्नीने दिराला विचारलं, “भाऊजी, तुम्हाला बागेतून महिन्याला किती मिळतात?” ते गोंधळले. “मिळतात म्हणजे? घरच्यात कसला पगार, वहिनी? लागतील तसे घ्यायचे.” त्यावर धाकट्या जावेने पहिल्यांदा तोंड उघडलं. “आणि शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईचे पाहुणे वाईन प्यायला येणार म्हणता, त्यांच्या भाकऱ्या कोण थापणार?”

त्या दिवशीच्या तासातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा होता. ‘कौटुंबिक वायनरी’ म्हटलं की फोटोत सगळं घर हसताना दिसतं. प्रत्यक्षात बरंचसं काम अशा माणसांवर येतं, ज्यांचं नाव ना सातबाऱ्यावर असतं ना भागीदारीच्या कागदावर. पुढचे दोन महिने आम्ही यावरच बोललो.

वडिलांचं वेगळंच होतं. ते माळकरी, दर वर्षी वारी करणारे. “माझ्या रानात दारू गाळायची नाही,” एवढंच म्हणाले. मुलांनी त्यांना समजवायचं ठरवलं होतं, वाईन म्हणजे दारू नाही वगैरे. मी तसं करू नका म्हणून सांगितलं. ऐंशीच्या घरातल्या माणसाची श्रद्धा युक्तिवादाने जिंकायची नसते, तिच्यासाठी जागा ठेवायची असते. म्हणून त्यांना फक्त विचारलं, काय झालेलं तुम्हाला चालणार नाही? त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. घराच्या अंगणात प्यायचं नाही, आणि बाटलीवर आपलं आडनाव नको. वायनरीची जागा रस्त्याकडच्या तुकड्यावर ठरली, ब्रँडचं नावही बदललं. थोरल्यांना आडनाव सोडणं जड गेलं, पण सोडलं.

राजीनाम्याआधी मी एक अट सुचवली होती. बिनपगारी रजा घ्या आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून (फळासाठी करतात ती) काढणीपर्यंत बागेत राहा, धाकट्यांच्या हाताखाली. एक हंगाम त्यांना मालक म्हणून बघा. सुदैवाने कंपनीने रजा दिली. नोव्हेंबरात फुलोऱ्यात पाऊस आला, डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने रात्री फवारण्या झाल्या. थोरल्यांनी मला तेव्हा लिहिलं होतं की पाऊस पडताना झोप लागत नाही आणि थांबला तरी लागत नाही. फेब्रुवारीत ते एका ओळखीच्या वायनरीत काढणीला गेले. उन्हं चढायच्या आत क्रेट क्रशरपाशी पोचले पाहिजेत म्हणून पहाटेच माणसं कामाला लागतात. रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघायला ते तिथे शिकले. कोणत्या ओळीचा माल आधी पिकतो हे मात्र धाकट्यांना चाखूनच कळत होतं, आणि ते बघून थोरल्यांच्या आवाजातला सूरच बदलला.

शेवटी ठरलं ते असं. बागेतला शेवटचा शब्द धाकट्यांचा, तळघरातला, म्हणजे वाईन बनवण्यातला, थोरल्यांचा. धाकट्यांना महिन्याचा पगार, वर नफ्यात वाटा. पाहुण्यांच्या जेवणाचं काम धाकट्या जावेला करायचं असेल तर तो तिचा व्यवसाय, दर तिने ठरवायचा. नसेल तर बाहेरून माणूस लावायचा. तिने सहा महिने घेतले आणि मग हो म्हणाली. थोरल्यांच्या पत्नीने नोकरी सोडली नाही. उत्पादन शुल्क खात्याचे परवाने, लेबलची मंजुरी ही कामं त्या नोकरी सांभाळून बघतात. नवीन वेलींचा खरा माल तिसऱ्या वर्षापासून, आणि रेड वाईन पिंपात मुरायला आणखी वेळ घेते. तेवढा काळ घरात एक पगार येत राहणं गरजेचं होतं. सुरुवात म्हणून ते शनन ब्लाँच करणार आहेत. ती लवकर बाटलीत जाते, पैसा फार अडकून पडत नाही. पहिली दोन वर्षं दुसऱ्याच्या वायनरीत टाकी भाड्याने घ्यायची, स्वतःची इमारत त्यानंतर.

सगळं सुरळीत आहे असं नाही. घरच्या बागेतली द्राक्षं घरच्याच वायनरीला काय दराने द्यायची, यावर गेल्या महिन्यात जोरदार वाद झाला. धाकटे बाजारभाव मागतात, थोरले म्हणतात सुरुवातीला सवलत दे. मला हा वाद बरा वाटतो. “दादा म्हणेल तसं” म्हणणारा माणूस आता किलोमागे रुपयावर अडून बसतो.

तेव्हा विचारणाऱ्या जोडप्याला माझं उत्तर असं. तुमची इच्छा वेडेपणाची नाही आणि पंचेचाळिशी हे वयही उशिराचं नाही. पण राजीनामा लिहिण्याआधी गावी जा, आणि आपली योजना न सांगता आधी भावाला आणि त्याच्या बायकोला विचारा, इतकी वर्षं बाग कशी चालवली, त्यात काय गमावलं, पुढे काय हवंय. पगार, वाटा आणि शेवटचा शब्द कुणाचा, हे वकिलाकडून लिहून घ्या. तुमच्या पत्रात बाग नेमकी कोण सांभाळतंय याचा उल्लेख नाही. भेटीला याल तेव्हा त्यांनाही घेऊन या.