गाडी धुतली की फ्रिज बंद!

प्रश्न: आमच्या मोटरहोमचा (राहायची सोय असलेल्या गाडीचा) फ्रिज गाडी धुतली की १२ व्होल्टवर चालतच नाही, दोन दिवसांनी आपोआप सुरू होतो. फ्रिजचा सर्किट बोर्ड गेला का?

उत्तर: वाळल्यावर चालतोय ना, मग बोर्ड बदलायची घाई नको. पाणी बहुतेक फ्रिजच्या मागे गाडीच्या बाहेरून असलेल्या खालच्या जाळीतून शिरतंय, प्रेशर वॉशर तिथे मारत असाल तर आधी ते थांबवा. बाहेरची वीज, बॅटरी, फ्रिज ज्यावर चालतो तो एलपीजी गॅस सगळं बंद करून जाळी काढा, कनेक्टरवर हिरवट पावडर दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनरने (विजेचे जोड साफ करायच्या स्प्रेने) साफ करा आणि वायरीला कनेक्टरच्या आधी खाली झोळ द्या म्हणजे थेंब झोळावरूनच गळून जातो, आत जात नाही. जाळीला टेप मात्र लावू नका हं, हवा तिथूनच आत येते आणि गॅस गळलाच तर तो जड असल्यामुळे बाहेरही तिथूनच पडतो.