घाटात ट्रॉली ओढताना जीप गरम होते, हेड खोलायचं का?

प्रश्न : दादा, राम राम. नेकनूरजवळ माझा मंडप-लाइटचा धंदा आहे. ९८ सालची डिझेल फोर बाय फोर जीप आहे, तिला जनरेटरची ट्रॉली जोडून लग्नाच्या तारखा करायलो. रिकामी जीप बीडात दिवसभर फिरवा, काटा अर्ध्याच्या वर जात नाही, पण ट्रॉली लावून पालीवरून मांजरसुंब्याचा घाट चढायला लागलो की निम्म्या घाटात काटा लालला टेकतो आणि पाणी फसफसत बाहेर येतं. मेकॅनिकनं थर्मोस्टॅट (रेडिएटरकडं जाणाऱ्या पाण्याची वाट उघडबंद करणारा) काढून टाकला तरी तेच. दर खेपेला बोअरचं पाणी ओतायलो. आता तो म्हणतो हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोलावं लागंल. फोर व्हील टाकून घाट चढवला तर फरक पडंल का? – एक वाचक, ता. बीड

उत्तर : राम राम भाऊ. हेड आत्ताच खोलू नका. तुमची गाडी रिकामी असताना गरम होत नाही, फक्त ओझं आणि चढ एकत्र आले की होते, हीच यातली सगळ्यात महत्त्वाची खूण आहे. जळलेल्या डिझेलची साधारण एक तृतीयांश उष्णता पाण्यातून बाहेर काढावी लागते, आणि घाटात टनभर ट्रॉली मागं असताना इंजिन पूर्ण जोर लावून डिझेल जाळतं, गाडी मात्र वीस-पंचवीसच्या स्पीडनं चाललेली, म्हणजे समोरून वारा नाही, वरून मे महिन्याचं ऊन. अशा वेळी रेडिएटर अर्धा जरी चोक असला तरी तो तिथंच उघडा पडतो, सपाटीला कळत पण नाही.

आणि तो चोक कशानं झाला असणार तर त्या बोअरच्या पाण्यानं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, क्षाराचं. घरी पाणी तापवायच्या पातेल्याला आतून जो पांढरा थर धरतो ना, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो, आणि तुमचं तर दर खेपेला पाणी उकळून जातंय, क्षार आत राहतोय आणि वरून परत तेच पाणी. सकाळी इंजिन एकदम गार असताना झाकण काढून आत बोट फिरवा, पांढरी खरखर किंवा तांबडा गाळ लागला तर रेडिएटर उतरवून रॉडिंग, म्हणजे नळ्यांतून सळई फिरवून सफाई, करून घ्या. नळ्या गळून गेल्या असतील तर कोअर (नळ्या-जाळीचा सगळा गाभा) बदला, तिथं पैसे वाचवू नका. नंतर डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, निम्मं-निम्मं. बाटली रेडीमिक्सची असेल तर त्यात पाणी घालायचं नाही.

बाहेरून पण बघा. रात्री बॅटरी इंजिनच्या बाजूनं रेडिएटरवर धरा आणि पुढं येऊन उभे राहा, जाळीतून किती उजेड येतो ते बघा. कापसाचं बोंड, तण, किडे, काळ्या मातीचा चिखल, सगळं त्या जाळीत बसलेलं असतं. पाणी आतून बाहेर मारायचं आणि प्रेशर कमी ठेवायचा, नाहीतर जाळीची पातं वाकतात. फॅनभोवतीचं कडं जागेवर आहे का तेही बघा, जुन्या जीपला ते बहुतेक कुणीतरी काढून फेकलेलं असतं आणि मग फॅन रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी आजूबाजूची गरम हवाच फिरवत बसतो. बेल्ट ढिला असेल तर जोर लागला की घसरतो. खालचा होज पाईप मऊ पडला असेल तर रेस वाढवल्यावर चपटा होतो, पाणीच पुढं जात नाही, एकानं रेस द्यायची आणि दुसऱ्यानं तिकडं बघायचं.

थर्मोस्टॅट परत बसवा. काढला की गार राहतं हा समज आपल्याकडं लई पक्का आहे, पण बऱ्याच इंजिनात तो पूर्ण उघडल्यावर बायपासची वाट बंद करतो. तो नसला की गरम पाण्यातलं काही रेडिएटरला न जाता परत इंजिनातच फिरतं. झाकण पण नवीन घ्या, जुन्यावर जो आकडा आहे त्याच आकड्याचं. झाकण दाब धरतं म्हणूनच पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. त्याचं रबर गेलं की लवकर फसफसतं.

हेडची शंका असेल तर खोलायच्या आधी हे करा : गार इंजिन, झाकण काढलेलं, चालू करून रेडिएटरमध्ये बघा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येऊन थांबले तर ती आत अडकलेली हवा, पण न थांबता येतच राहिले, किंवा ऑइल चहासारखं दुधट दिसलं, तर मेकॅनिक बरोबर आहे.

फोर व्हीलचं म्हणाल तर कोरड्या पक्क्या रस्त्यावर नको. तुमच्या जीपला पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो, वळणावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी ओढाताण करतात आणि इंजिनावर उलट ओझं वाढतं. त्यापेक्षा चढ लागायच्या आधीच गिअर खाली घ्या. चौथ्यात रडत चढवली की फॅन आणि वॉटर पंप दोन्ही हळू फिरतात. आणि ट्रॉलीच्या हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधोमध, हात नेऊन बघा, एकच बाजू तापली असेल तर बेअरिंग धरतंय.

काटा चढायला लागला तर एसी असल्यास बंद, हीटर असल्यास फुल, तो छोट्या रेडिएटरचं काम करतो. बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये थोडी रेस देऊन उभी करा. पाणी बाहेर आलं असेल तर मात्र लगेच बंद करा आणि काट्यावर विश्वास ठेवू नका, पाणी संपलं की सेन्सर नुसत्या वाफेत राहतो आणि काटा खाली येतो. अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. आमच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरनं रुमाल धरून झाकण फिरवलं, कोपरापर्यंत हात सोलून निघाला. आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, हेड चिरतं.

रॉडिंग आणि थर्मोस्टॅट झाला की भरल्या ट्रॉलीनं एकदा घाट चढवा, काटा कुठं थांबला ते कळवा.