सरकारी वकील आहेत, मग आपला वकील कशाला?

या महिन्याच्या बहुतेक पत्रांत एकच समजूत दिसते : मोफत वकील आरोपीला मिळतो, ज्याच्यावर गुन्हा घडला त्याला नाही. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी माणसे फार मोलाचे दिवस गमावतात.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीवर शेजाऱ्याने कोयत्याने वार केले. उजव्या हाताची तीन बोटे निकामी झाली. गुन्हा नोंद आहे, आरोपीने जामिनासाठी अर्ज केला आहे. सगळे सांगतात, सरकारी वकील असतात, तुम्हाला वेगळा कशाला? बहीण काजूच्या कारखान्यात कामाला आहे, पण माझा पगार बरा आहे. तिला मोफत वकील मिळेल का? (डिचोली)

मिळेल, आणि तुमच्या पगाराचा इथे काही संबंध नाही. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणांच्या कायद्याच्या (विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७) कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि मानवी तस्करीला बळी पडलेले लोक यांना उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मामलेदार कचेरीत खेपा घालू नका.

सरकारी वकील राज्याची बाजू मांडतात. ते तुमच्या विरोधात नसतात, पण ते तुमच्या बहिणीचे वकीलही नसतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे हे सांगणाऱ्या कायद्यात (१ जुलै २०२४ पासून लागू), दोन तरतुदी नीट वाचण्यासारख्या आहेत. कलम १८ प्रमाणे सरकारी पक्षाला साहाय्य करण्यासाठी पीडित व्यक्तीला स्वतःचा वकील देण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते. कलम २३० प्रमाणे आरोपपत्र आणि सोबतच्या कागदांची मोफत प्रत पीडितेला मिळते, पण तिच्या वतीने वकील उभा असेल तरच. म्हणजे वकील नसला, तर पोलिसांनी साक्षीदारांचे काय जबाब लिहिले हे तिला वेळेत कळणारच नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडित व्यक्तीला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. जामिनाला विरोध करणे त्यातच आले. मात्र या वकिलाला खटला स्वतःच्या हाती घेता येत नाही. तो सरकारी वकिलांच्या सूचनेने काम करतो आणि पुरावा संपल्यावर न्यायालयाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देतो.

अर्ज डिचोली न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे किंवा उत्तर गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्या. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितले तरी तिथे लिहून घेतात. १५१०० हा मोफत कायदेशीर मदतीचा राष्ट्रीय फोन क्रमांक आहे. सोबत एफआयआरची प्रत, इस्पितळाचे कागद आणि ओळखपत्र असावे. अर्जावर निर्णय सात दिवसांत व्हायला हवा, पण जामिनाची सुनावणी त्याआधीच असू शकते. म्हणून अर्जाच्या अगदी वर ठळक लिहा : 'जामिनाची सुनावणी अमुक तारखेला, अमुक न्यायालयात'. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. नुसते तोंडी विचारून परत येणारे लोक पुढे काहीच सिद्ध करू शकत नाहीत. कोर्ट फी, टायपिंग, भाषांतर, प्रमाणित प्रती हा खर्चही प्राधिकरणच उचलते.

हाताचे नुकसान कायमचे असेल तर त्याच संहितेच्या कलम ३९६ खालच्या पीडित भरपाई योजनेसाठी अर्जाची तयारी आतापासून करा. खटल्याच्या शेवटी न्यायालय भरपाईची शिफारस करू शकते, आरोपी सुटला तरीही. भरपाई किती, हे विधी सेवा प्राधिकरण ठरवते. आरोपी सापडलाच नाही तर थेट प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची असते. उपचार किंवा तातडीची मदत आताच हवी असेल तर पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र जोडून मागा. अपंगत्वाची टक्केवारी, औषधांची बिले आणि बुडालेल्या मजुरीचा कारखान्याचा दाखला एका फाइलीत ठेवा. बिले हरवली की रक्कम घटते.

प्रश्न : मला दुसऱ्या तालुक्यात मारहाण झाली. घराजवळच्या पोलीस ठाण्यात गेलो, तर 'हद्द आमची नाही' म्हणून परत पाठवले. (दक्षिण गोवा)

हद्दीचे कारण चालत नाही. दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) खबर कुठल्याही ठाण्याने नोंदवून घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची, हीच झिरो एफआयआर. ई-मेलसारख्या इलेक्ट्रॉनिक मार्गानेही खबर देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एक बाब मात्र ध्यानात घ्या. तीन वर्षे ते सात वर्षांखालील शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी होऊ शकते. तसे सांगितले तर चौकशी सुरू झाल्याची तारीख विचारून टिपून ठेवा.

नकारच मिळाला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करायचा. या अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागते आणि आधी अधीक्षकांकडे गेल्याचा पुरावाही. बरेच अर्ज इथेच अडतात, कारण लोक मधली पायरी गाळून थेट न्यायालयात जातात.

तक्रार मराठीत लिहा. गोव्यात राजभाषा कोंकणी असली तरी १९८७ च्या राजभाषा कायद्याने सरकारी कामात मराठीलाही जागा दिली आहे. एफआयआर इंग्रजीत टाइप झाली तर सहीपूर्वी ती मराठीत किंवा कोंकणीत वाचून दाखवायला सांगा. वेळ, हत्यार, पाहणाऱ्यांची नावे आणि घटनाक्रम तपासा. पहिल्या खबरीत न आलेले नाव नंतर आले की बचाव पक्ष म्हणतो, हे मागाहून रचले. प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका. नव्वद दिवसांत तपासाची प्रगती कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

प्रश्न : वडिलांना राष्ट्रीय महामार्ग ६६ वर अज्ञात वाहनाने उडवले, ते वारले. वाहन सापडत नाही. आमच्या हाती काय लागणार? (पेडणे)

तुमच्या घरावर आलेल्या या प्रसंगाने आम्ही खरोखर व्यथित झालो. हिट अँड रन भरपाई योजना, २०२२ प्रमाणे मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. अपघात ज्या तालुक्यात घडला तिथल्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा. हे महसूल खात्याचे अधिकारी असतात, म्हणून मामलेदार कचेरीत किंवा उपजिल्हाधिकाऱ्यांकडे चौकशी करा. एफआयआर, शवचिकित्सा अहवाल, मृत्यूचा दाखला, वारसांची ओळखपत्रे आणि बँक पासबुकाची प्रत लागते. नावांचे स्पेलिंग सर्व कागदांवर सारखे आहे का ते पाहा, पैसे सर्वात जास्त इथेच अडकतात. पुढे वाहन सापडले तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोठा दावा करता येतो. त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून तपास कुठवर आला हे दर महिन्याला लेखी विचारत राहा. तिथे भरपाई मिळाली तर आधीचे पैसे त्यातून वळते होतात.

प्रश्न : मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिच्यावर अत्याचार झाला, पण गावात बदनामी होईल म्हणून घरचे गप्प बसायला सांगतात. (नाव दिलेले नाही)

कृपा करून आजच १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) किंवा ११२ (आणीबाणीचा क्रमांक) ला फोन करा. मुलीची ओळख उघड करणे हाच गुन्हा आहे. पोक्सो कायद्याप्रमाणे (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) तिचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना, घरी किंवा तिला बरे वाटेल अशा जागी घ्यायचा असतो. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करतात आणि तुम्ही तिच्याजवळ थांबू शकता. कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये दमट राहून पुरावा खराब होतो. सरकारी असो वा खासगी, कुठलेही इस्पितळ मोफत उपचार नाकारू शकत नाही. पोक्सोच्या कलम ४० प्रमाणे तिला स्वतःचा वकील मिळतो, परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण देते. बाल कल्याण समितीकडे साहाय्यक व्यक्ती मागा, ती न्यायालयातही सोबत राहते. गोवा बाल कायदा, २००३ खाली राज्यात वेगळे बाल न्यायालय आहे. अंतरिम भरपाईसाठी निकालापर्यंत थांबावे लागत नाही.

प्रश्न : मोफत मिळालेले वकील 'झेरॉक्सचे' म्हणून पैसे मागतात आणि तारखेला येत नाहीत. (फोंडा)

पैसे देऊ नका. पॅनलच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या वकिलाला अशिलाकडून काहीही घेण्याची मुभा नाही. चुकलेल्या तारखा आणि मागितलेली रक्कम लिहून जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा आणि त्याच पत्रात वकील बदलून मागा. नवा वकील येईपर्यंत तारखेला स्वतः हजर राहा आणि न्यायालयाला वकील बदलत असल्याचे सांगून पुढची तारीख मागून घ्या. जुन्या वकिलाकडचे कागद परत घेताना यादीवर त्यांची सही असू द्या.